हंसपद

६ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तूही बरा असशील असं धरून लिहिते. घर जागच्या जागी आहे. तुझा पत्ता काकांकडून घेतला. कशाला हवा, असं त्यांनी विचारलं नाही. "अखेर," एवढंच म्हणाले आणि फोनवर दोनदा सावकाश वाचून दाखवला.

तुझी तक्रार पोचली. ती कोणाच्या टेबलावर येऊन पडणार, हे तुला माहीत नसणार. मी काम करते तिथे प्रोग्रामिंगची एक भाषा सांभाळली जाते. सातजणांची समिती आहे. कोणत्या चिन्हाचा भाषेत काय अर्थ, ही यादी माझ्या ताब्यात असते, त्यामुळे चिन्हांबद्दलचं सगळं गाऱ्हाणं आधी माझ्याकडे येतं. तुझ्या तक्रारीखाली नाव नव्हतं, नुसता एक ईमेल होता. मला ते लागलंही नाही.

"हे चिन्ह म्हणे सहा वर्षं राखीव आहे ! कोणासाठी ? स्वतः बसायचं नाही, दुसऱ्याला बसू द्यायचं नाही, नुसता रुमाल टाकून जागा अडवायची, हा कुठला न्याय ?"

तू अजून प्रश्नचिन्हाआधी जागा सोडतोस. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक असलेल्या माणसाच्या मुलाने मुद्दाम लावून घेतलेली सवय. "प्रश्नचिन्ह रुसलंय का रे शब्दावर, असं लांब जाऊन उभं राहायला?" हे बाबा तुला तू सातवीत असल्यापासून विचारायचे, आणि तू पुढच्या वहीत आणखी थोडी जागा सोडायचास.

कार्यालयाकडून तुला उत्तर गेलं असेल: "आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे." ते वाक्य माझंच आहे. खरं कारण त्यात मावत नाही, म्हणून हे वेगळं पत्र.

भाषा नवी असते तेव्हा आपल्याला काय काय लागणार आहे, हे आपल्यालाच माहीत नसतं. एखादं चिन्ह मोकळं सोडलं तर लोक ते हाताला येईल तसं वापरतात. कोणी नावात घालतं, कोणी शोभेला लावतं. पाच वर्षांनी आम्हाला त्याला खरा अर्थ द्यायचा झाला, की तोवर लिहिलेले हजारो प्रोग्राम एका दिवसात मोडतात. म्हणून काही चिन्हं आम्ही पहिल्या दिवसापासून कोणालाच वापरू देत नाही. वापरलं की यंत्र थांबतं आणि सांगतं: "हे चिन्ह राखीव आहे. त्याला अजून अर्थ नाही." हे वाक्यही माझंच. यात आडमुठेपणा नाही. उलट, पुढे जे येईल त्याला जागा असावी, एवढाच हेतू आहे.

निदान मी लोकांना असं सांगते.

तू त्या चिन्हाला "टोपी" म्हटलं आहेस. घरात त्याला काय म्हणायचे, हे तू विसरला असशील असं मला वाटत नाही. ^ हे चिन्ह ओळीत शब्द राहून गेला की तिथे खालून द्यायचं, आणि राहिलेला शब्द समासात लिहायचा. छापखान्यातले बाकीचे त्याला काकपद म्हणत. बाबा म्हणायचे, "राहून गेलेला शब्द परत आणायचा, त्याला कावळ्याचा पाय कशाला? हंसपद म्हणा."

आता बहुतेकांना ते चिन्ह घातासाठी हवं आहे. गणितातल्या.

बाबा नोव्हेंबरमध्ये गेले, ते तुला काकांनी कळवलंच. तुझं "कळलं" हे उत्तर त्यांनी मला दाखवलं होतं. त्यावर मला काही म्हणायचं नाही. छापखान्याच्या गोष्टीबद्दलही मी लिहिणार नाही. तक्रारीला एवढं उत्तर पुरेसं असावं.

पूर्णविराम

ता. क. सही बघून हसू नकोस. बाबांनी आपल्याला ठेवलेली ही नावं आता दुसरं कोणी वापरत नाही. तुझं वाक्य कधी संपायचं नाही म्हणून तू स्वल्पविराम, आणि मी बोलले की बोलणं संपायचं म्हणून मी पूर्णविराम.


२७ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. तीन आठवडे वाट बघून एक ओळ.

"बाबांनी शेवटी माझं नाव घेतलं का ?"

नाही. बाबांनी तुझं नाव घेतलं नाही.

याचा चुकीचा अर्थ निघू नये म्हणून थोडा तपशील देते. जाण्याआधी चौदा महिने बाबांची उजवी बाजू लुळी होती आणि वाचा गेली होती. समजायचं सगळं. रेडिओवरच्या बातम्यांत निवेदकाने उच्चार चुकवला की डावी भुवई वर जायची. पण तोंडातून शब्द येत नसे, आणि लिहायला डावा हात, तोही थरथरणारा. त्यामुळे त्यांनी माझंही नाव घेतलं नाही. कोणाचंच नाही.

डॉक्टरांनी सांगितल्यावरून मी एक तक्ता केला. जाड पुठ्ठा, चार उभे, सहा आडवे, असे चोवीस चौकोन. प्रत्येकात एक चित्र: पाण्याचा पेला, दिवा, खिडकी, चष्मा, दुखतंय, रेडिओ, हो, नाही. त्यांनी बोट ठेवायचं, आपण समजून घ्यायचं. चित्रं मी काढली, त्यामुळे रेडिओ आणि औषधांची पेटी यांत फरक करता येत नव्हता. पहिल्या दिवशी बाबांनी रेडिओवर बोट ठेवलं, मी पेटी काढायला कपाट उघडलं, आणि ते हसले. अर्ध्या चेहऱ्याने, पण हसले.

खालची ओळ माणसांची होती. वेणी म्हणजे मी. पांढरे बूट म्हणजे दिवसभर त्यांच्याजवळ असणाऱ्या मावशी. छत्री म्हणजे काका, कारण ते ऊन असो वा पाऊस, छत्री विसरून जातात आणि ती न्यायला परत येतात. चार चौकोन, तीन माणसं. चौथा मी रिकामा ठेवला. का, ते मागच्या पत्रात लिहिलंच आहे. पुढे काही लागलं तर.

झोपेतच गेले. दुसरा झटका. त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि ते मला खोटं बोलतील असं वाटलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात आलं.

पूर्णविराम


२१ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं नाही. कसं येईल? मी बोलण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं.

मागचं पत्र टपालात टाकलं आणि पेटीत हात घालून ते परत निघतं का, हे मी बघितलं. निघत नाही. पेटीचं तोंड अरुंद असतं आणि आत एक पत्रा तिरका बसवलेला असतो. म्हणून आता हे लिहिते आहे. चौथ्यांदा लिहिते आहे. आधीचे तिन्ही कागद फाडले, त्यांत मी पुन्हा भाषेबद्दलच सांगत बसले होते.

मी तुला लिहिलं, बाबांनी तुझं नाव घेतलं नाही. ते वाक्य अचूक आहे. मी ते पाच-सहा वेळा तपासलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं सांगायला इतकं तपासावं लागत नाही.

तक्ता करून दोन महिने झाल्यावर बाबा त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवायला लागले. आधी मला वाटलं, बोट घसरतंय. मग ते रोज व्हायला लागलं. चहाच्या वेळी, मी कामावरून आले की, कधी मी जेवण भरवत असताना मध्येच. बोट ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे.

मी काय म्हणाले असेन, तूच सांग. मी म्हणाले, "बाबा, तो राखीव आहे. त्याला अजून अर्थ नाही."

यंत्राला शिकवलेलं वाक्य मी बाबांना ऐकवलं. एकदा नाही. सहा-सात महिने.

मावशी एकदा न राहवून म्हणाल्या, "ताई, ते कुणाला तरी बोलावताहेत."

"मावशी, तो चौकोन रिकामा आहे."

"अहो, रिकामा आहे म्हणूनच बोट ठेवतात ना! पाणी हवं असतं तर पाण्यावर ठेवलं नसतं का?"

"तुम्हाला तक्ता कळतो की मला?"

"तक्ता तुम्हाला कळतो हो," मावशी उशीचा अभ्रा बदलत म्हणाल्या. "माणूस मला कळतो थोडाफार."

मी त्यांना त्या दिवशी लवकर घरी पाठवलं. तो राग त्यांच्यावर नव्हता.

ऑक्टोबरमध्ये, २१ तारखेला, मी कामावरून आले तेव्हा तक्ता बाबांच्या मांडीवर होता आणि डाव्या हातात पेन्सिल. मावशींकडे खुणेने मागितली असणार. माणसांच्या ओळीत, माझ्या वेणीच्या चौकोनाआधी, अगदी डाव्या कडेला, त्यांनी खालून एक हंसपद दिलं होतं. दोन रेघा नीट जुळल्या नव्हत्या, पण दुसरं काही असूच शकत नव्हतं. रिकाम्या चौथ्या चौकोनात नाही, दादा. माझ्या आधी. मोठ्याची जागा असते तिथे.

आणि समासात, राहून गेलेला शब्द लिहितात तिथे, एक स्वल्पविराम.

म्हणजे नाव घेतलं नाही. लिहिलं.

मुद्रितशोधकाच्या मुलीला हे समजलं नाही, असं मी जगात कोणालाही सांगू शकेन. तुला नाही. मला ते दारातूनच समजलं होतं. खरं तर रिकामा चौकोनसुद्धा मला पहिल्या दिवसापासून समजत होता. मी तो पुठ्ठ्यावर आखताना समजून-उमजूनच रिकामा ठेवला होता. पुढे काही लागेल म्हणून नाही. तिथे तू असायला हवास हे माहीत होतं, आणि मला तुला तिथे काढायचं नव्हतं.

बाबा माझ्याकडे बघत होते. मुद्रितं तपासून झाल्यावर हात चोळत खुर्चीत मागे टेकायचे ना, तसे बसले होते. काम झालं, आता पुढचं तुमच्याकडे.

मी म्हणाले, "बाबा, तक्ता खराब होतोय. नवा करून देते."

आणि त्याच आठवड्यात नवा केला. तेच चोवीस चौकोन. खालच्या ओळीत तीन माणसं, एक रिकामा. चित्रं पहिल्यापेक्षा चांगली आली. रेडिओ रेडिओसारखा दिसत होता. पहिला तक्ता मी कपाटामागे सरकवला.

बाबांनी नवा तक्ता बराच वेळ पाहिला. वरून खाली, एकेक ओळ, बोट फिरवत. शेवटच्या ओळीशी आले, थांबले, आणि बोट उचलून "दिवा" यावर ठेवलं. मी दिवा बंद केला. त्यानंतर त्या रिकाम्या चौकोनावर त्यांनी एकदाही बोट ठेवलं नाही. ते सांगायचे ते आठवतं तुला? दुरुस्ती एकदा सुचवावी, दोनदा सुचवावी, तिसऱ्यांदाही तसाच कागद आला तर सही करावी आणि सोडून द्यावं. नंतर ते तसंच छापलं जातं.

त्यानंतर तेवीस दिवस होते. तुझा नंबर काकांकडे होता. काका एक दिवसाआड छत्री न्यायला येत होते.

का नाही केला फोन, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवंस. त्याला दोन उत्तरं आहेत, आणि त्यांतलं मोठं कोणतं हे मला अजून ठरवता येत नाही.

एक, छापखाना. तू केलेला तपासणीचा प्रोग्राम तिथे बसला आणि चार महिन्यांत मुद्रितशोधकांची खोली रिकामी झाली. पाच खुर्च्या, पाच माणसं, त्यांतले एक बाबा. "माझ्या चुका काढायला यंत्र आणलंस, तेही घरातल्या घरात?" असं म्हणून त्यांनी तुझ्याशी बोलणं सोडलं, आणि तू घर सोडलंस. आठ वर्षं झाली. त्या प्रोग्राममधली चुकणाऱ्या शब्दांची यादी मी केली होती. बाबांच्या शेजारी बसून, त्यांनाच विचारून विचारून, कॉलेजच्या कामाला हवी आहे असं सांगून. त्यांनी किती आनंदाने सांगितले होते शब्द! "हा घे, यात हमखास पाय घसरतो लोकांचा." तू दारात चपला घालत होतास तेव्हा माझ्याकडे बघितलंस. एक शब्द बोलला असतास तर निम्मा राग माझ्या वाट्याला आला असता. तू बोलला नाहीस. मी आठ वर्षं घरातली शहाणी मुलगी राहिले. तू आला असतास तर कदाचित ते बाहेर आलं असतं.

दुसरं सांगायला जास्त जड जातं. चौदा महिने मी केलं. अंग पुसणं, कुशी बदलणं, भरवणं, औषधांच्या वेळा, सगळं वेळच्या वेळी. आणि मला दिसत होतं, की तू एका संध्याकाळी दारात येऊन उभा राहशील, काहीतरी अर्धवट वाक्य बोलशील, आणि बाबांचा चेहरा कसा होईल. माझ्यासाठी तो तसा कधी झाला नाही. व्हायची गरजच नव्हती, मी तर तिथेच होते. मला तो चेहरा बघायचा नव्हता.

एवढंच. लिहून बघितलं की किती लहान दिसतं.

परवा समितीची बैठक झाली. तुझी तक्रार मीच विषयपत्रिकेवर घातली. चाचण्या बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "कमाल आहे. सहा वर्षं तुम्हीच त्या चिन्हावर ठाण मांडून बसला होता." मी म्हणाले, "हो." त्यांना यापेक्षा मोठं उत्तर अपेक्षित असावं. मतं मोजली. चिन्ह घाताला गेलं. मीही हात वर केला. यंत्राच्या संदेशातली ती ओळ मी स्वतः काढली. एका मिनिटाचंही काम नव्हतं. मग जिन्यात जाऊन बसले. किती वेळ, ते पाहिलं नाही. तू कधी भेटून विचारलंस, की रडलीस का, तर मी "नाही" म्हणेन, म्हणून इथेच लिहून ठेवते.

सोबत पहिला तक्ता पाठवते आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधला आहे. एक कोपरा दुमडलेला दिसेल, तो कपाटामागे सरकवताना माझ्या हातून दुमडला. पेन्सिलीच्या खुणेवर बोट फिरवू नकोस, ती आधीच पुसट झाली आहे. समासातला स्वल्पविराम नीट बघ. शेपूट भलतीकडे वळलं आहे, कारण हात डावा होता. ते तसंच राहू दे. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नाही.

यादी मी केली होती हे काकांना मी काल सांगितलं. ते खुर्चीतून उठले. मग छत्री घेऊन गेले. पहिल्यांदाच न विसरता.

तुझं उत्तर यावं असं म्हणायचा अधिकार मला उरलेला नाही. पण लिहिलंस तर प्रश्नचिन्ह जिथे उभं असतं तिथेच असू दे, शब्दापासून लांब. मला ते लांबूनही ओळखता येतं. जवळ आणायचा हट्ट बाबांचा होता, आणि तोही, आता वाटतं, प्रश्नचिन्हाबद्दल नव्हता.

दादा, बाबांनी तुला बोलावलं होतं

पूर्णविराम